मरहूम युसुफ मेहेरअली : एका विद्यार्थ्याच्या देशसेवेची सुरुवात



आपल्या घोरावाडी स्टेशनावर लोणावळ्याच्या लोकल थांबतात. मुंबईच्या मोठ्या गाड्या मात्र न थांबता निघून जातात. रोज शाळेला येताना-जाताना तुम्ही त्या पाहता. 9 ऑगस्ट 1942 रोजी, रविवारी सकाळी, याच लोहमार्गावरून एक खास गाडी पुण्याच्या दिशेने गेली. बोरघाट चढून, लोणावळा-तळेगाव मागे टाकून ती आपल्या मावळातून गेली आणि चिंचवडला थांबली. येथून बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी आणि मग चिंचवड. म्हणजे आपल्यापासून चौथे स्टेशन! तेथे महात्मा गांधींना उतरवून घेऊन मोटारीने आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू आदी नेत्यांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात नेण्यात आले, तर मुंबईच्या कार्यकर्त्यांसाठी येरवड्याचा तुरुंग तयार होता.

त्याच पहाटे पकडल्या गेलेल्या आणि येरवड्यात डांबल्या गेलेल्या मंडळींत मुंबई शहराचे महापौरही होते. त्यांचे वय होते अवघे 38 वर्षे. त्यांचे नाव युसुफ मेहेरअली.

हा प्रसंग मी आठवीच्या वर्गात सांगितला तेव्हा एका विद्यार्थ्याने मला विचारले, की सर, घरी इतकी श्रीमंती असताना हा माणूस राजकारणात पडलाच कशाला? दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. मोठ्या अदबीने, पण स्पष्टपणे त्यांनी मला सांगितले, की सर, मुलांना गणित शिकवा, इंग्रजी शिकवा, पण त्यांच्या डोक्यात राजकारण भरू नका. आपल्या मुलांना ते परवडणारे नाही. मी दोघांचेही म्हणणे ऐकून घेतले. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर तासाच्या उरलेल्या पाच मिनिटांत देता येण्यासारखे नव्हते, आणि पालकांची भीती थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. म्हणून संस्थेच्या या स्मरणिकेचे निमित्त साधून मरहूम युसुफ मेहेरअली यांचे चरित्र थोडक्यात आपणापुढे ठेवीत आहे. विशेषतः त्यांना लहानपणी देशाच्या कारभाराची ओढ कशी लागली, हे आपण नीट समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

बालपण आणि घर

युसुफचा जन्म 23 सप्टेंबर 1903 रोजी मुंबईत झाला. घराणे खोजा समाजातील, सधन आणि व्यापारी. कापडगिरणीच्या धंद्याशी या घराण्याचा पूर्वीपासून संबंध होता. वडिलांचे नाव जाफर. अशा घरातील मुलाचा मार्ग जन्मापासूनच आखलेला असतो. त्याने शिकावे, पेढीवर बसावे, व्यापार वाढवावा आणि सरकारदरबारी चार लोकांत मान मिळवावा. त्या काळी व्यापारी माणसाने सरकारची मर्जी सांभाळणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जाई. घरच्या मंडळींना युसुफकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती.

परंतु वाचकहो, मूल केवळ घरात वाढत नाही. ते गल्लीत वाढते, शाळेत वाढते, शहरात वाढते. युसुफ ज्या वर्षांत हायस्कुलात शिकत होता, ती वर्षे मुंबईच्या इतिहासात विलक्षण होती. ती क्रमाने पाहा, म्हणजे त्या मुलाच्या आजूबाजूला कसले वारे वाहत होते हे तुमच्या ध्यानात येईल.

1919 साली ब्रिटिश सरकारने रौलट कायदा आणला. चौकशीवाचून माणसाला अटकेत ठेवण्याची मुभा या कायद्याने सरकारला मिळत होती. त्याच्या निषेधार्थ 6 एप्रिल 1919 रोजी, रविवारी, देशभर हरताळ पाळण्यात आला. मुंबईत सकाळीच चौपाटीवर हजारो लोक जमले. त्याच दिवशी मुसलमान बांधवांनी गांधीजींना व सरोजिनी नायडूंना आग्रहाने जवळच्या मशिदीत नेले आणि तेथे त्या दोघांची भाषणे झाली. मशिदीत एक हिंदू पुढारी आणि एक हिंदू भगिनी बोलत आहेत आणि मुसलमान जमाव शांतपणे ऐकत आहे, असे ते दिवस होते. युसुफ तेव्हा 15 वर्षांचा होता. त्यानंतर आठवड्याभरात, 13 एप्रिलला, अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला आणि शेकडो निरपराध माणसे मारली गेली.

पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्ट 1920 रोजी, लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले. भर पावसात निघालेल्या त्या अंत्ययात्रेत लोकमान्यांच्या पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत गांधीजींबरोबर मौलाना शौकत अली होते. खिलाफतीची चळवळ आणि असहकाराची चळवळ एकमेकींच्या हातात हात घालून चालल्या होत्या. 31 जुलै 1921 रोजी परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली. ती झाली उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात. सोबानी हे मुंबईचे बडे मुसलमान गिरणीमालक होते आणि तरीही ते चळवळीत सामील झाले होते. युसुफ त्या वेळी 17 वर्षांचा होता. एका गिरणीमालकाच्या आवारातच विलायती कापड जळते आहे, ही गोष्ट कापडाच्या धंद्यातील घराण्याच्या मुलावर परिणाम केल्यावाचून कशी राहील?

येथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. त्या काळात मुंबईत हजारो मुले होती. त्या सर्वांनी हरताळ पाहिले, मिरवणुका पाहिल्या, घोषणा ऐकल्या. त्यांतील बहुतेक जण दोन दिवस घोषणा देऊन आपापल्या कामाला लागले. युसुफचे वेगळेपण असे, की जे दिसले त्याचे कारण शोधण्यासाठी तो पुस्तकांकडे वळला. हायस्कुलात असतानाच त्याने जगातील क्रांतींचा इतिहास वाचावयास घेतला. निरनिराळ्या देशांत स्वातंत्र्याच्या लढ्यांत तरुणांनी कोणते काम केले, याचा त्याने शोध घेतला. आपल्यासारखे गुलामगिरीत पडलेले दुसरे देश कसे उठले, हे समजून घेतल्यावर आपल्या देशाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलली. राजकारणाची गोडी त्याला लागली ती अशी. आधी प्रश्न पडला, मग वाचन झाले आणि त्यातून निश्चय झाला.

आपल्या दीनात पहिली आज्ञा वाचनाची आली, हे आपण प्रत्येक जलशात मुलांना सांगतो. पण वाचन म्हणजे केवळ परीक्षेपुरते वाचन नव्हे. ज्या वाचनाने माणसाला आपल्या शेजाऱ्याचे दुःख समजते, आपल्यावरचा आणि दुसऱ्यावरचा अन्याय ओळखता येतो, तेही वाचनच. युसुफने शाळेत असताना केले ते हेच.

घरच्या मंडळींना हे रुचले नाही. रुचण्यासारखे नव्हतेच. घरात पैसा, समाजात प्रतिष्ठा, आणि मुलगा मात्र सरकारच्या विरुद्ध जाण्याच्या गोष्टी बोलतो! आपल्यापैकी कोणत्या बापाची झोप उडणार नाही? तेव्हा त्यांच्या वडीलधाऱ्यांना दोष देऊ नका. त्यांची भीती खरी होती, हे पुढील हकिगतीवरून तुम्हांला दिसेलच.

महाविद्यालयात

युसुफ मेहेरअली पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले आणि 1925 साली बी. ए. झाले. कॉलेजात फीवाढ झाली तेव्हा विद्यार्थ्यांच्या वतीने त्यांनी तिला विरोध केला. या गोष्टीकडे माझ्या विद्यार्थी मित्रांनी लक्ष द्यावे. ते स्वतः श्रीमंत घरचे होते. फी दुप्पट झाली असती तरी त्यांचे काही अडले नसते. अडणार होते ते गरीब विद्यार्थ्यांचे. ज्या प्रश्नात आपला स्वतःचा फायदा नाही, त्या प्रश्नासाठी उभे राहणे हा त्यांच्या राजकारणाचा पहिला धडा होता आणि शेवटपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

त्यानंतर त्यांनी मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयातून कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. इकडे अभ्यास चालू असताना तिकडे तरुणांची संघटना उभी करण्याचे कामही चालू होते. मुंबईच्या युथ लीगचे ते प्रमुख कार्यकर्ते होते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा सर्व धर्मांचे तरुण त्यांच्याभोवती जमत. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसे आणि वागण्यात बडेजाव नसे, म्हणून वयाने लहान असलेली मुलेही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत.

सायमन कमिशन

हिंदुस्थानला पुढे कोणते राजकीय हक्क द्यावेत, याची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचे एक कमिशन नेमले. प्रश्न हिंदुस्थानचा, पण सातांपैकी एकही सभासद हिंदी नव्हता. 3 फेब्रुवारी 1928 रोजी हे कमिशन मुंबईच्या बंदरात उतरले.

युसुफ मेहेरअली आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी ठरविले होते, की होड्यांतून थेट समुद्रात जाऊन कमिशनला गाठावयाचे. पण हा बेत पोलिसांना आधीच कळला आणि तो रहित करावा लागला. तरुणांनी हार मानली नाही. अंगावर हमालाचे कपडे चढवून ते बंदरावर शिरले. कमिशनचे लोक उतरत असताना समोर काळी निशाणे फडकली आणि 'सायमन गो बॅक' ही घोषणा घुमली. पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि तरुणांनी त्या सोसल्या. ही घोषणा मेहेरअलींनी दिली असे सर्वत्र मानले जाते. तीन शब्दांची ती घोषणा मुंबईपासून लाहोरपर्यंत आणि मद्रासपासून लखनौपर्यंत प्रत्येक शहरात पोहोचली. त्या वेळी मेहेरअली होते 24 वर्षांचे.

श्रीमंत घराण्यातील मुलगा हमालाच्या वेषात बंदरावर उभा राहिला, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. घरच्यांनी त्यांच्यासाठी आखलेल्या मार्गापासून ते किती दूर आले होते, हे यावरून कळते.

याची किंमतही त्यांना द्यावी लागली. कायद्याची पदवी हातात असूनही त्यांच्या राजकीय कार्यामुळे वकिलीची सनद त्यांना नाकारण्यात आली. ज्या शिक्षणावर त्यांनी वर्षे खर्च केली होती त्याचा उदरनिर्वाहासाठी उपयोग करण्याचा मार्ग असा बंद झाला. तेव्हा त्यांनी 'व्हॅनगार्ड' नावाचे पत्र चालविले आणि लेखणी हाती धरली.

तुरुंगाच्या वाऱ्या

1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. मेहेरअलींना तुरुंगवास घडला. 1932 साली पुन्हा अटक झाली आणि या वेळी शिक्षा दोन वर्षांची होती. त्यांना नाशिकच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्या काळी नाशिकचा तुरुंग म्हणजे जणू एक विद्यापीठच झाले होते. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे अशी तरुण मंडळी तेथे होती. पुस्तके येत, वाचली जात आणि त्यांवर वाद होत. केवळ इंग्रज गेला म्हणजे झाले काय? शेतकऱ्याचे, गिरणीकामगाराचे, गरिबाचे काय? या चर्चेतून समाजवादी विचारांचा एक गट काँग्रेसमध्ये तयार झाला आणि 1934 साली काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना झाली. मेहेरअली हे त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. गिरणीच्या पैशावर वाढलेला मुलगा आता गिरणीतल्या मजुराच्या बाजूने बोलू लागला.

1938 साली अमेरिकेत जागतिक युवक परिषद भरली. त्या परिषदेसाठी गेलेल्या हिंदी प्रतिनिधी मंडळाचे नेतृत्व मेहेरअलींनी केले. तेथे त्यांना एक उणीव जाणवली. इतर देशांचे तरुण आपापल्या देशाची माहिती देणारी सुबक पुस्तके घेऊन आले होते, पण हिंदुस्थानाविषयी चांगले आणि ताजे साहित्य परदेशी मनुष्याच्या हाती द्यावे तर ते नव्हते. परत आल्यावर त्यांनी देशातील पुढाऱ्यांची ओळख करून देणारी छोटी छोटी पुस्तके लिहिली. तरुणांनी काय वाचावे हे सांगणारी एक पुस्तिकाही त्यांनी तयार केली. शाळेत असताना जी भूक त्यांना लागली होती, ती पुढच्या पिढीच्या मुलांना लागावी आणि त्यांना पुस्तकासाठी वणवण करावी लागू नये, अशी ही तळमळ होती. नेते होऊनही त्यांच्यातला विद्यार्थी कायम होता.

तुरुंगातून महापौरपदाकडे

वैयक्तिक सत्याग्रहात त्यांना पुन्हा अटक झाली. ते लाहोरच्या तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले. सुटका झाली, निवडणूक झाली आणि 1942 साली ते महापौर झाले. तोपर्यंतच्या महापौरांत ते सर्वांत तरुण होते. मुंबईसारख्या बहुधर्मी, बहुभाषी नगरीने त्यांना आपला प्रथम नागरिक केले, ते कोणा एका जमातीचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर सर्वांचा माणूस म्हणून. दुसरे महायुद्ध चालू होते आणि शहरावर बॉम्बहल्ल्याचे सावट होते. संकटाच्या वेळी नागरिकांनीच नागरिकांच्या मदतीला धावावे म्हणून त्यांनी स्वयंसेवकांचे दल उभारले.

त्याच उन्हाळ्यात गांधीजी शेवटच्या लढ्याची तयारी करीत होते. लढ्यासाठी नेमका शब्द हवा होता. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे शब्द सुचविले. कोणी सुचविलेला शब्द फार उद्धट वाटला, तर कोणी सुचविलेला फार मवाळ. तेव्हा मेहेरअलींनी 'क्विट इंडिया' हे दोन शब्द कोरलेले एक धनुष्य गांधीजींना भेट दिले आणि गांधीजींनी ते शब्द पसंत केले, अशी हकिगत सांगितली जाते. त्याच नावाची एक पुस्तिकाही त्यांनी प्रसिद्ध केली आणि ती हातोहात खपली. मराठीत आपण ज्याला 'चले जाव' आंदोलन म्हणतो, त्याचे हे मूळ नाव. 8 ऑगस्ट 1942 रोजी गवालिया टँक मैदानावर ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अटकसत्र सुरू झाले. लेखाच्या आरंभी ज्या गाडीचा उल्लेख केला, ती याच सकाळची.

येरवड्याच्या भिंतींआड

येरवड्याचे नाव आपल्या परिसरात सर्वांना ठाऊक आहे. याच तुरुंगात 12 जानेवारी 1931 रोजी सोलापूरचे चार देशभक्त फासावर गेले होते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. चौघांत एक मुसलमान तरुण होता, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. त्याच तुरुंगात मेहेरअली आले.

तेथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृती गंभीर झाली, तेव्हा त्यांना मुंबईला इस्पितळात खास उपचारांसाठी पाठविण्याचे सरकारने ठरविले. आता मेहेरअलींनी काय करावे? त्यांनी सरकारला कळविले, की माझ्यासारखेच आजारी असलेले आणखी दोन सत्याग्रही आहेत, त्यांनाही हीच सवलत मिळत असेल तर मी घेईन. सरकारने हे मान्य केले नाही. मेहेरअलींनी ती सवलत नाकारली आणि ते तुरुंगातच राहिले. 1943 साली त्यांची सुटका झाली, पण तोपर्यंत प्रकृती कायमची ढासळली होती.

विद्यार्थी मित्रहो, कॉलेजातील ती फीवाढीची गोष्ट आठवा. ज्या तरुणाने गरीब सहविद्यार्थ्यांसाठी फीवाढीला विरोध केला होता, त्यानेच पुढे दोन सहकैद्यांसाठी स्वतःचा औषधोपचार नाकारला. माणूस मोठा झाल्यावर एकदम थोर होत नाही. शाळा-कॉलेजात ज्या सवयी लागतात, त्याच पुढे कसोटीच्या वेळी उपयोगी पडतात.

अखेर

देश स्वतंत्र झाला आणि दुभंगलाही. मुसलमान समाजापुढे तो मोठा पेचाचा काळ होता. मेहेरअलींच्या मनात मात्र गोंधळ नव्हता. मुसलमानाचे हित देशातील इतर गरिबांच्या हिताहून वेगळे काढता येत नाही, अशी त्यांची आयुष्यभराची भूमिका होती आणि ती त्यांनी सोडली नाही. आजारी शरीराने ते काम करीत राहिले. 2 जुलै 1950 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची 47 वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुंबई थांबली. बसगाड्या, ट्रामगाड्या थांबल्या, शाळा-कॉलेजे बंद राहिली, दुकाने उघडली नाहीत, गिरण्या आणि शेअरबाजारही बंद राहिला. ते मंत्री नव्हते की सत्ताधारी नव्हते. त्यांनी मागे इस्टेट ठेवली नव्हती. तरीही शहराने त्यांना असा निरोप दिला.

त्यांच्या नावाने 1961 साली युसुफ मेहेरअली सेंटर ही संस्था स्थापन झाली. पनवेलजवळ तारा या गावी तिचे मोठे काम उभे राहिले. आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांसाठी दवाखाना, शाळा, ग्रामोद्योग असे ते काम आहे. ते उभे करणारे डॉ. जी. जी. परीख हे स्वतः 1942 च्या चळवळीतले विद्यार्थी होते. वयाच्या शंभरीतही ते कार्यरत होते. 2 ऑक्टोबर 2025 रोजी त्यांचे निधन झाले. एका विद्यार्थ्याने लावलेला दिवा दुसऱ्या विद्यार्थ्याने असा जपला.

पालकांस विनंती

आता माझ्याकडे आलेल्या त्या पालकांना उत्तर देतो. भाईसाहेब, आपली भीती खोटी नाही. युसुफ मेहेरअलींच्या घरच्यांना जी भीती होती ती सर्व खरी ठरली. मुलाला सनद मिळाली नाही, व्यापार राहिला, तुरुंग घडला, प्रकृती गेली, आयुष्य तोकडे झाले. हे लपवून ठेवून मी मुलांना हे चरित्र सांगितले, तर ती फसवणूक होईल.

पण ते दिवस परक्या राज्याचे होते. आज राज्य आपले आहे आणि ते चालविण्याचा हक्क घटनेने प्रत्येकाला दिला आहे. 18 वर्षे पूर्ण झाली की आपल्या मुलाच्या आणि मुलीच्या हाती मत येते. नळाला पाणी किती वेळ येते, शाळेला शिक्षक किती मिळतात, शिष्यवृत्तीचे अर्ज कधी निघतात, गावचा रस्ता कोणी करावयाचा, ही सर्व कामे राजकारणानेच ठरतात. आपण मुलांना राजकारणापासून दूर ठेवले म्हणून राजकारण त्यांच्यापासून दूर राहत नाही. मुलाला काही कळत नसेल, तर कोणीही येऊन त्याच्या हाती झेंडा देईल आणि कोणीही त्याला भडकावील. आज तर हे काम खिशातला मोबाइलच करतो. दोन ओळींचा निरोप येतो आणि मूल संतापते. खरे काय, खोटे काय, हे पाहण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते. भीती बाळगायची तर या अज्ञानाची बाळगा, मुलाच्या प्रश्नांची नको.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. मगरिबनंतर अर्धा तास घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. मुलाने वाचावे, मुलीने वाचावे, अम्मी-अब्बांनी ऐकावे. मुलांनी प्रश्न विचारला तर गप्प बस म्हणू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक आणवावे. ग्रामसभेला किंवा नगरपरिषदेच्या कामाला जाताना थोरल्या मुलाला आणि मुलीला बरोबर न्यावे. चार माणसे कशी बोलतात, वाद कसा होतो, निर्णय कसा होतो, हे त्यांना पाहू द्यावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी एकाने जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर आता तुम्हीच द्या. श्रीमंत घरचा तो मुलगा राजकारणात का पडला? मला तर असे वाटते, की पुस्तक वाचून त्याला दुसऱ्याचे दुःख आपले वाटू लागले आणि मग त्याला गप्प बसता येईना. तुम्हांला घोषणा द्यावयाच्या असतील तर जरूर द्या, पण त्याआधी वाचा. जो प्रश्न तुमचा नाही पण तुमच्या शेजाऱ्याचा आहे, त्यासाठी एकदा तरी उभे राहा. शेजारी कोणत्या धर्माचा हे विचारू नका. मेहेरअलींनी ते कधी विचारले नाही.

उद्या सकाळी स्टेशनात लोकलची वाट पाहत उभे राहाल आणि मुंबईची गाडी समोरून धडधडत जाईल, तेव्हा 9 ऑगस्टच्या त्या सकाळची आठवण करा. मरहूम युसुफ मेहेरअलींना अल्लाह जन्नत नसीब करो आणि आपल्या मुला-मुलींना त्यांच्यासारखी वाचनाची गोडी आणि न्यायाची चाड देवो, हीच दुआ.

आमीन.